टोमॅटो लावताय? भावाआधी रोप बघा

टोमॅटो लावावा असं बहुतेकांच्या मनात येतं ते भाव ऐकून. जुलै २०२३ मध्ये नारायणगावच्या बाजारात वीस किलोची क्रेट दोन हजार रुपयांच्या पुढे विकली गेली आणि गावोगावी पारावर तोच विषय झाला. त्या भावाला भुलून जुलैत ज्यांनी लागवड केली, त्यांचा पहिला तोडा सप्टेंबर निम्मा सरताना आला. तोवर काही बाजारांत क्रेट दोनशेच्याही खाली उतरली होती. लागवडीपासून पहिल्या तोड्यापर्यंत साठ-सत्तर दिवस जातात, पुढे तोडे दीड-दोन महिने चालतात. तेव्हा आज कानावर आलेला भाव आपल्या मालाला मिळणार नाही, हे धरूनच हिशोब मांडायचा. त्या जुलैतली तेजीसुद्धा आली कशामुळे? आधीच्या एप्रिल-मेमध्ये मातीमोल भावामुळे कित्येकांनी उभे प्लॉट सोडून दिले होते आणि उरलेल्यांना उन्हाने व विषाणूंनी गाठलं होतं.

भाव आपल्या हातात नाही. रोप, पाणी आणि लागवडीनंतरचे पहिले चाळीस दिवस मात्र पूर्णपणे आपल्या हातात आहेत, आणि टोमॅटोचं पीक तिथेच ठरतं असं माझं ठाम मत आहे. नंतर कितीही महागडी फवारणी केली तरी पहिल्या चाळीस दिवसांत हुकलेलं काही परत येत नाही. म्हणून हा लेख पहिल्यांदाच टोमॅटोकडे वळणाऱ्यांसाठी, वीस गुंठे डोळ्यांपुढे ठेवून लिहिला आहे. पहिल्या वर्षी त्याच्या वर जाऊच नका. काठ्या, तार, सुतळी, ठिबक, मल्चिंग यांचा खर्च एकरकमी अंगावर येतो आणि बांधणी-तोडणीला मजूर नेमके हवे त्या दिवशी मिळत नाहीत. वीस गुंठे घरच्या माणसांच्या बळावर ओढता येतात.

हंगाम तिन्ही आहेत. खरिपाची लागवड जून ते ऑगस्टमध्ये होते, नाशिक भागातला मोठा हंगाम हाच. पण पाऊस, ढगाळ हवा आणि करपा यांची टांगती तलवार कायम डोक्यावर असते. उन्हाळी लागवड जानेवारी-फेब्रुवारीपासून पुढे; जुन्नर पट्ट्यात ती मुरलेले लोक करतात, कारण तिथे उष्णता आणि विषाणू या दोघांशी एकाच वेळी झुंजावं लागतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरची रब्बी लागवड सगळ्यांत सोपी. थंडीत झाड तब्येतीने वाढतं, फळ धरतं, रंग घेतं. त्या काळात बाजारात आवक जास्त असल्याने भाव बेताचाच राहतो, हे खरं. तरीही पहिला प्लॉट रब्बीतच घ्या. पीक हातात बसलं की मग तेजीच्या हंगामाचा विचार करा.

जमीन मध्यम, पाण्याचा निचरा होणारी, सामू सहा ते साडेसातच्या दरम्यान असलेली हवी. खोल काळ्या रानात गादीवाफे उंच करावेच लागतात. याहून महत्त्वाचं म्हणजे आधीच्या हंगामात त्या रानात टोमॅटो, वांगी, मिरची किंवा बटाटा नसावा. ही सगळी एका घरातली पिकं, एकाचा रोग दुसऱ्याला वारसाने देतात. पूर्वी त्या रानात झाडं हिरवीगार असताना अचानक मान टाकत असतील, तर शेजारच्या प्लॉटमधल्या किंवा वांग्याच्या अशाच एखाद्या मरत्या झाडावर एक साधी परीक्षा करून बघा. खोडाचा बुडातला तुकडा तिरका कापा आणि स्वच्छ पाण्याने भरलेल्या काचेच्या ग्लासात, कापलेलं टोक पाण्यात राहील असा, न हलवता धरा. काही मिनिटांत त्या टोकातून दुधासारखी बारीक धार खाली उतरू लागली, तर ती जिवाणूजन्य मर आहे. असा जिवाणू मातीत वर्षानुवर्षं राहतो. अशा रानात टोमॅटो लावायचाच असेल, तर वांग्याच्या खुंटावर केलेलं टोमॅटोचं कलम लावा, नाहीतर रान बदला. औषध ओतून ही मर थांबत नाही.

वाण निवडताना आधी ज्या बाजारात माल न्यायचा तिथे जाऊन एक सकाळ काढा. कुठे गोल फळ चालतं, कुठे लांबट, कुठे कडक सालीचं. लांबच्या गाडीला जाणारा माल जाड सालीचाच लागतो. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे धनश्री, भाग्यश्री हे सुधारित वाण आणि फुले राजा हा संकरित वाण आपल्याकडे परिचयाचे आहेत. बंगळूरच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेचा अर्का रक्षक हा संकरित वाण पर्णगुच्छ, जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा या तिन्हींना प्रतिकारक म्हणून काढलेला आहे. खासगी कंपन्यांचे वाण तर दरवर्षी नवे येतात. प्रतिकारक याचा अर्थ रोग अजिबात येणार नाही असा घेऊ नका. तो उशिरा येतो, कमी येतो, एवढीच खात्री. आणि बियाण्याचं पाकीट, लॉट नंबर, पावती हे सगळं शेवटच्या तोड्यापर्यंत जपून ठेवा. बियाण्यात खोट निघाली तर तक्रार करायला तोच एक पुरावा असतो.

आता रोपांकडे येऊ. साडेचार फूट बाय दीड फूट अंतर धरलं तर वीस गुंठ्यांत सुमारे सव्वातीन हजार रोपं बसतात. मर, तूट धरून अडतीसशे हवीत, म्हणजे अठ्ठ्याण्णव कप्प्यांचे चाळीस ट्रे. घरी करायची असतील तर कोकोपीट भरलेल्या प्रत्येक कप्प्यात एकच बी, अर्धा सेंटिमीटर खोल. ट्रे एकावर एक रचून काळ्या कागदाने झाकले की तीन-चार दिवसांत अंकुर दिसू लागतात. दिसताक्षणी उघडून पसरायचे. एक दिवस जरी उशीर झाला तरी रोपं अंधारात लांबट आणि पांढुरकी होतात. वरून आणि चारही बाजूंनी चाळीस-पन्नास मेशची नायलॉन जाळी हवीच, आणि आत जाताना दार मागे लावायची सवयही हवी. पांढरी माशी रोपवाटिकेतच झाडाला विषाणू देऊन जाते, लक्षणं मात्र शेतात गेल्यावर दिसतात, आणि आपण दोष शेताला देतो.

बहुतेकजण रोपं विकत घेतात. तसं असेल तर गाडी भरण्याआधी ट्रे हातात घ्या. एक रोप अलगद बाहेर ओढा: मुळांनी कोकोपीट घट्ट धरलेलं असावं, मुळं पांढरीशुभ्र असावीत. तपकिरी मुळांचं, कप्प्यात गोल गोल गुंडाळलेलं रोप वयस्कर झालेलं असतं. पंचवीस ते अठ्ठावीस दिवसांचं, चार-पाच पानांचं, वीतभरापेक्षा कमी उंचीचं, जाड देठाचं रोप सर्वांत चांगलं. मग पानं उलटी करून बघा. ट्रेवरून हात फिरवल्यावर पांढरे ठिपके उडाले, तर ती रोपं फुकट मिळाली तरी नकोत. रोपवाटिकेत तण माजलेलं असेल किंवा बाजूलाच जुना टोमॅटो, मिरची उभी असेल, तर दुसरी रोपवाटिका शोधा. रुपया-दीड रुपया वाचवायला घेतलेलं खराब रोप पुढे शंभरपट वसूल करतं.

रोपं येण्याआधी पंधरा-वीस दिवस शेताच्या चारही कडांना मक्याच्या किंवा ज्वारीच्या दोन-तीन ओळी दाट पेरून ठेवा. पांढरी माशी वाऱ्यावर खालून येते. ही हिरवी भिंत तिला बऱ्यापैकी अडवते आणि वैरणही देते. झेंडूची रोपं मात्र त्याहूनही आधी टाका. टोमॅटोच्या दर चौदा-सोळा ओळींमागे झेंडूची एक ओळ हवी, आणि टोमॅटोचं रोप पंचवीस दिवसांचं असेल तेव्हा झेंडूचं चाळीस-पंचेचाळीस दिवसांचं असावं. तरच दोघांची फुलं एका वेळी येतात आणि फळ पोखरणाऱ्या अळीची मादी झेंडूकडे ओढली जाऊन तिथे अंडी घालते. झेंडूवरच्या अळ्या मात्र वेचत राहायला हवं, नाहीतर ती ओळ किडीचं माहेरघर होते.

गादीवाफ्यात चांगलं कुजलेलं शेणखत एकरी आठ-दहा टन. कच्चं शेणखत हुमणी आणि बुरशी घेऊन येतं. संकरित टोमॅटोसाठी राहुरी विद्यापीठाची शिफारस हेक्टरी ३०० किलो नत्र, १५० किलो स्फुरद आणि १५० किलो पालाश अशी आहे, सुधारित वाणांना २००:१००:१००. वीस गुंठ्यांना याचा पाचवा हिस्सा धरा, तोही माती परीक्षण करून कमी-जास्त करून. नत्र एकदम देऊ नका. झाड काळंभोर, लुसलुशीत दिसलं की आपल्याला बरं वाटतं, पण तसं झाड उशिरा फुलतं आणि रसशोषक किडींना आवडतं. ठिबकमधून थोडं थोडं, वाढीच्या टप्प्याप्रमाणे द्यावं. मल्चिंग पेपर चंदेरी बाजू वर ठेवून अंथरा. त्या चकाकीने मावा आणि पांढरी माशी काही प्रमाणात बिचकतात.

लागवड ऊन उतरल्यावर, वाफे ओले करून. टोमॅटोच्या खोडाला मातीत गेलेल्या भागावर मुळं फुटतात, म्हणून रोप ट्रेमधल्यापेक्षा थोडं खोल लावलं तरी चालतं. कलमी रोप असेल तर कलमाचा जोड मातीच्या वर राहिलाच पाहिजे. मल्चिंगच्या भोकाची कड खोडाला टेकू देऊ नका, दुपारी तापलेला कागद कोवळं खोड भाजतो.

तिसऱ्या आठवड्यात काठ्या रोवून व्हायला हव्यात. आठ-दहा फुटांवर बांबू, टोकांना भक्कम डांब, त्यावर तार, आणि झाड वाढेल तशी सुतळीची बांधणी. पहिल्या फुलगुच्छाच्या खालची बगलफूट कोवळी असतानाच बोटांनी मोडा. वरची फूट मात्र सरसकट काढू नका; उन्हाळ्यात फळांवर पानांची सावली नसेल तर खांद्यावर पांढरट चट्टे पडतात. दवाने किंवा पावसाने झाडं ओली असताना बांधणीला उतरू नये. आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. तंबाखू मळलेल्या हाताने झाडाला हात लावू नका, लावू देऊ नका. मोझॅकचा विषाणू तंबाखूतून हाताला आणि हातातून प्रत्येक फुटीला लागू शकतो. बांधावर साबण आणि पाण्याची बादली ठेवा आणि मजुरांना ते का, हे नीट समजावून सांगा. कारण कळलं की माणसं ऐकतात.

पाणी हा या पिकाचा सगळ्यांत नाजूक भाग आहे. टोमॅटोला पाणी कमी चालतं, पण अनियमित चालत नाही. फळाचं बूड काळं, चामड्यासारखं होऊन आत दबतं ते तुम्ही पाहिलं असेल. तो रोग नव्हे, फळाला कॅल्शियम पोचला नाही याची ती खूण आहे. कॅल्शियम मुळांतून पाण्याबरोबर वर चढतो आणि पानं जास्त पाणी उडवत असल्याने बहुतेक तिकडेच जातो. फळाच्या वाट्याला मुळातच थोडा येतो. फळ लिंबाएवढं होत असताना दोन दिवस ताण पडला की तोही तुटतो. म्हणून जमिनीत कॅल्शियम भरपूर असूनही बुडं काळी पडतात आणि पानांवर मारलेला कॅल्शियम फळापर्यंत फारसा पोचत नाही. इलाज एकच, वाफसा सांभाळणं. रोज सकाळी मल्चिंगखाली हात घालून वीतभर खोलीवरची मूठभर माती काढा. मुठीत दाबल्यावर गोळा झाला आणि बोटाने टोचल्यावर फुटला, तर वाफसा आहे. गोळाच होत नसेल तर पाणी द्या. बोटांना चिखल लागला तर ठिबक बंद ठेवा. लहान रोपाला दिवसाला अर्धा लिटर पुरतं, फळांनी लगडलेल्या झाडाला दोन लिटरच्या आसपास लागतं. पण लिटरचं गणित हवेवर आणि जमिनीवर बदलतं, मूठ चुकत नाही. कोरड्या रानावर अचानक जोराचा पाऊस झाला की फळं तडकतात, तेही याच अनियमितपणाचं दुसरं रूप. कॅल्शियम नायट्रेट ठिबकमधून जरूर द्या, पण स्फुरदाच्या किंवा सल्फेटच्या खतांबरोबर एकाच टाकीत मिसळू नका. साका धरतो आणि ड्रिपर बुजतात.

फुलं येतात पण फळ धरत नाही, ही तक्रार मार्च-एप्रिलमध्ये हमखास येते. टोमॅटोचं फूल स्वतःच स्वतःचं परागीभवन करतं. त्याला हवा असतो तो थोडा हादरा, वाऱ्याचा किंवा भुंग्याच्या गुणगुणण्याचा. दिवसाचं तापमान पस्तिशीच्या पुढे गेलं आणि रात्रही गरम राहिली की परागकणच निकामी होतात आणि फूल देठातून गळतं. अशा वेळी फुलगळीचं म्हणून मिळेल ते टॉनिक मारण्याऐवजी पाण्याची पाळी सकाळी लवकर द्या, पालवी टिकवा, आणि पारा उतरण्याची वाट बघा. रंगाचंही तसंच आहे. तीस-बत्तीस अंशांच्या वर लाल रंगद्रव्य नीट तयार होत नाही, म्हणून ऐन उन्हाळ्यातलं फळ पिवळट नारिंगी राहतं.

कीड-रोगांची यादी लांबलचक आहे. मी इथे विषाणूंवरच जास्त बोलतो, कारण पूर्ण प्लॉट तेच घेऊन जातात. २०२० च्या उन्हाळ्यात जुन्नर, अकोले, संगमनेर भागात फळांवर पिवळे-लाल पट्टे उठले, फळं आतून कडक आणि काळपट निघाली, व्यापारी माल घेईनात. शेतकऱ्यांनी त्याला तिरंगा व्हायरस म्हटलं. बंगळूरच्या संस्थेने तपासलेल्या नमुन्यांत काकडीवरचा मोझॅक विषाणू सापडला, सोबत इतरही होते. हा विषाणू माव्यातून पसरतो, पर्णगुच्छ पांढऱ्या माशीतून, आणि शेंडा जळवणारा टोस्पो फुलकिड्यांतून. झाडात गेलेल्या विषाणूवर कुठलंही औषध नाही, दुकानदार काहीही म्हणो. जे करायचं ते किडीला झाडापर्यंत न येऊ देण्यासाठी. पिवळे आणि निळे चिकट सापळे रोपाच्या शेंड्याच्या उंचीवर लावा आणि झाडाबरोबर वर सरकवत न्या. पाच टक्के निंबोळी अर्काची फवारणी सुरुवातीपासून ठेवा. पाच किलो निंबोळीची भरड रात्रभर भिजवून, गाळून, शंभर लिटर पाण्यात. आणि पहिले पस्तीस-चाळीस दिवस रोज एक चक्कर मारून वाकडी, खुरटी, कांस्यछटेची झाडं उपटा. उपटलेलं झाड पिशवीत घालून बाहेर न्या, पुरा. बांधावर फेकलेल्या झाडावरची माशी संध्याकाळपर्यंत शेजारच्या झाडावर बसलेली असते. उभं झाड उपटताना जीव तुटतो, पण त्या एका झाडाने भोवतालची पन्नास जातात.

करप्याचे दोन प्रकार ओळखता आले पाहिजेत, कारण घाई वेगवेगळी असते. लवकर येणारा करपा खालच्या जुन्या पानांवर सुरू होतो. तपकिरी ठिपक्यात एकात एक वर्तुळं दिसतात. तो हळूहळू चढतो, खालची पानं काढून आणि वेळेवर बुरशीनाशक मारून आटोक्यात राहतो. उशिरा येणारा करपा थंड, धुकट, झिमझिम पावसाच्या हवेत येतो. पानाच्या कडेला पाण्यात भिजल्यासारखा काळसर डाग, आणि सकाळी पान उलटं केलं की डागाभोवती पांढरी लव. ही लव दिसली की उद्यावर टाकू नका, तीन-चार दिवसांत अख्खा प्लॉट उकडल्यासारखा होतो. अशा हवेचा अंदाज आला की लव दिसण्याआधीच प्रतिबंधक फवारणी घ्यावी. कुठलंही औषध टोमॅटोसाठी लेबल क्लेम असलेलंच घ्या, आणि फवारणी ते तोडणी यांतले किती दिवस सोडायचे ते लेबलवर वाचून कॅलेंडरवर लिहून ठेवा. तोडे दर दोन-तीन दिवसांनी सुरू असतात, त्यामुळे हा नियम सर्रास मोडला जातो. ते फळ कुणाच्या तरी लेकराच्या ताटात कच्चं जाणार आहे.

नागअळीचा एक वेगळा प्रकार, टुटा, २०१४ मध्ये पुणे परिसरात देशात पहिल्यांदा नोंदला गेला. पानात नुसती नागमोडी रेघ न राहता कागदासारखा पारदर्शक फुगीर डाग दिसला आणि फळाच्या देठाजवळ टाचणीएवढं भोक असलं, तर हीच ती. कामगंध सापळे लावा आणि डागी पानं तोडून नष्ट करा.

तोडणी सकाळी दव सुकल्यावर. लांबच्या बाजाराला फळाचं बूड नुकतं गुलाबी झालेलं, जवळच्या बाजाराला निम्मं रंगलेलं, आणि सॉस-प्युरीला पूर्ण लाल. देठ काढूनच फळ क्रेटमध्ये ठेवा, शेजारच्या फळाला तो टोचतो. क्रेट सावलीत, आणि प्रतवारी शेतातच. वरच्या थरात मोठी आणि खाली बारीक फळं भरण्याची युक्ती व्यापाऱ्याला पहिल्या दिवशी कळते आणि मग आपल्या नावाच्या क्रेटचा भाव हंगामभर पडतो. चांगलं झाड चार-पाच किलो देतं, म्हणजे वीस गुंठ्यांत साडेसहाशे ते आठशे क्रेट. तोडणी, वाहतूक, हमाली, तोलाई वजा जाता हातात काय उरतं ते दर पट्टीवर लिहा. भाजीपाल्याची आडत शेतकऱ्याकडून घ्यायची नाही, असा नियम राज्यात २०१६ पासून आहे. पट्टीत ती दुसऱ्या नावाने कापली जात नाही ना, हे बघा.

भाव पडलेल्या आठवड्यात पिकलेला माल घरात येतोच. तो रस्त्यावर ओतण्याआधी थोडं काम करता येतं. टोमॅटोत चौऱ्याण्णव-पंच्याण्णव टक्के पाणी असतं, त्यामुळे वीस किलो फळाचे वाळवून जेमतेम सव्वा किलो काप होतात, पण ते वर्षभर आमटीत, चटणीत चालतात. कडक लाल फळाचे अर्ध्या बोटाएवढे काप, वर किंचित मीठ, जाळीवर पसरून मलमलचं कापड, आणि मोडल्यावर कट् आवाज येईपर्यंत कडक ऊन. दमट हवेत हा खटाटोप करू नका, बुरशी धरते. प्युरी करायची तर फळं उकळत्या पाण्यात मिनिटभर घालून सालं काढा, गर गाळून आटवा, आणि लिंबाचा रस किंवा सायट्रिक ॲसिड घालायला विसरू नका. टोमॅटोची आंबट पातळी वाणागणिक बदलते आणि नुसत्या तिच्या भरवशावर बाटली टिकवणं सुरक्षित नसतं. घरगुती प्युरीला फ्रीझरच बरा. आणि कल्हई नसलेल्या पितळी भांड्यात टोमॅटो शिजवू नये. आंबटाने धातू उतरतो.

सार करायचं तर पूर्ण लाल, मऊ झालेली फळं घ्या. उकडून, सोलून, वाटून गाळा. साजूक तुपात जिरं, हिंग, कढीपत्ता, एखादी हिरवी मिरची अशी फोडणी, मग मीठ आणि गुळाचा खडा. नारळाचं दूध घालणार असाल तर शेवटी, आणि त्यानंतर खळखळून उकळू नका, फुटतं. बियांभोवतीचा बुळबुळीत गर काढून टाकू नका, चव सगळ्यांत जास्त त्यातच असते. टोमॅटोतलं लाल रंगद्रव्य, लायकोपीन, शिजवल्यावर आणि तुपा-तेलाबरोबर शरीराला जास्त लाभतं. क जीवनसत्त्व मात्र शिजवल्याने कमी होतं, म्हणून सार आणि कोशिंबीर दोन्हींना ताटात जागा आहे. टोमॅटोच्या बियांनी मुतखडा होतो असं बऱ्याच घरांत मानतात. खड्याशी संबंध असलेलं ऑक्झलेट टोमॅटोत पालकाच्या मानाने अगदी थोडं असतं. मूत्रपिंडाच्या आजारात डॉक्टरांनी पोटॅशियम कमी करायला सांगितलं असेल, त्यांनी मात्र प्रमाण विचारून घ्यावं. अर्धवट पिकलेली फळं फ्रीजमध्ये ठेवू नका, बारा अंशांच्या खाली त्यांची चव आणि पिकणं दोन्ही थांबतं. टोपलीत, एका थरात, देठाची बाजू खाली करून ठेवा.

शेवटच्या तोड्याला झाडावर बरीच हिरवी फळं राहतात. ती तीळ, शेंगदाणे, लसूण, हिरवी मिरची यांच्याबरोबर परतून चटणीला वापरा. नंतर प्लॉट तसाच उभा सोडून देऊ नका. भाव पडला की पाणी तोडून झाडं वाळत ठेवायची पद्धत पडली आहे, आणि पंचक्रोशीतला पुढचा प्रत्येक टोमॅटो तिचा भुर्दंड भरतो, कारण पांढरी माशी, टुटा आणि करपा तिथूनच निघतात. सुतळी कापा, झाडं मुळासकट उपटा, खड्ड्यात कुजवा, विषाणूची झाडं वेगळी काढून जाळा. मल्चिंगचा कागद तुकडे मातीत न ठेवता गोळा करा. काठ्या उन्हात दोन-चार दिवस तापवून मगच छपराखाली रचा. रान खोल नांगरून तापू द्या, म्हणजे मातीतले टुटाचे कोष वर येऊन मरतात. त्या रानात पुढची दोन वर्षं ज्वारी, मका, कांदा, हरभरा असं काही घ्या, आणि टोमॅटोसाठी वीस गुंठे दुसरीकडे बघा.